उत्तरमेरूरच्या मडक्यात कुणाची नावं होती?

भाचीनं संविधान दिनाच्या भाषणाचा कागद दाखवला आणि माझं डोकंच फिरलं. नागपुरातल्या ग्रुपाग्रुपांवर फिरून राहिलेला फॉरवर्ड तिनं जसाच्या तसा उतरवला होता: वैशालीत (आजच्या बिहारात) अडीच हजार वर्षांपूर्वी सर्वांना मताधिकार होता, ग्रीकांनी लोकशाही आपल्याकडून उचलली, तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या देवळावर निवडणुकीचा कायदा कोरलाय, म्हणजे संविधानानं नवीन काही दिलंच नाही.

ग्रीकांचं आधी उरकते. अथेन्समध्ये लोकशाही आणणाऱ्या क्लेइस्थेनिसच्या सुधारणा इ.स.पू. 508च्या आसपासच्या, अलेक्झांडर सिंधूपर्यंत आला 326 मध्ये. उचललं कधी आणि कुणी? पुरावा शून्य.

उत्तरमेरूरचा शिलालेख खरा आहे, परांतक चोळाच्या काळातला, दहाव्या शतकातला. पण तो वाचा तरी! ताडपत्रावर नावं लिहायची, मडक्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हातानं एक चिठ्ठी काढायची. मतदान नाहीच, सोडत आहे. मडक्यात नाव पडायला पाव वेलीहून (वेली हे तिकडचं जमिनीचं माप) जास्त करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवं, वय 35 ते 70 हवं आणि वेद यायला हवेत. सभा ब्राह्मणांची, गाव त्यांना दान दिलेलं. माझं, माझ्या बहिणीचं, भाचीचं नाव त्यात कुणी टाकलं असतं? हिशेब न देणाऱ्याला पुन्हा समितीवर बंदी, हा नियम मात्र उत्तम होता, तेवढं मान्य.

वैशालीचंही तेच. जातककथेत 7,707 राजे येतात, ते वैशालीवर राज्य करणाऱ्या लिच्छवी कुळांचे प्रमुख. दास-कर्मकर त्या सभेबाहेरच.

आपल्याकडे लोकशाहीची रीत होती, हे खरंच आहे. बाबासाहेबांनीच 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत सांगितलं की भिक्खू संघांना आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान सगळं ठाऊक होतं, आणि बुद्धानं हे नियम त्या काळच्या राजकीय सभांमधून घेतले असावेत. फॉरवर्डवाले इथंच थांबतात. बाबासाहेब थांबले नाहीत. ही लोकशाही या देशानं गमावली, पुन्हा गमावणार का, असं त्यांनी लगेच विचारलं. त्याच भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील.

आणि म्हणे नवीन काही नाही! इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यातही मतासाठी मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. संविधानाच्या कलम 326 नं त्या पुसल्या आणि प्रत्येक प्रौढाला मत दिलं. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या विदर्भात मालगुजाराचं (गावच्या जमीनदाराचं) मत एक, त्याच्या शेतावर निंदणाऱ्या बाईचंही एकच.