बारशाआधीच नाव कसं काय ठेवलं?

रविवारी संध्याकाळी साताऱ्यातल्या आमच्या कट्ट्यावर गेलो तर बारक्या पेढे वाटत होता, मामा झाला म्हणून. ताई जर्मनीत असते, तिला मुलगी झाली. पेढा तोंडात असतानाच वाद सुरू, कारण मुलीचं नाव तिकडं फॉर्मवर भरून पण झालं आणि इकडं आत्या बाराव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर कुर्र करायची वाट बघतेय.

अण्णा तापलेच. एवढी घाई कशाला, आपल्याकडं २१ दिवसात जन्माची नोंद करायची पण नावाचा रकाना मोकळा ठेवला तरी चालतं, वर्षाच्या आत फुकट घालून मिळतं, नंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठेवलेलं नाव असतं ते, आईबाप दोघांचंच थोडीच आहे पोर!

बारक्या म्हणे तिकडंच बरंय, पत्रिका नाही, अक्षर नाही, कोण रुसत नाही. चित्रा नक्षत्राचं तिसरं चरण आलं म्हणून 'रा'वरूनच पाहिजे असं सांगून सगळ्यांनी ताईचं डोकं खाल्लं होतं. तिकडं आवडेल ते ठेवा.

इथं मास्तरांनी त्याला थांबवलं. आवडेल ते कुठंय, म्हणाले, जर्मनीत मुलाला त्रास होईल असं नाव असेल तर नोंदणी अधिकारी नाकारतो. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे, मान्य यादीत नसलेलं नाव ठेवायचं तर तिच्याकडं अर्ज, आणि त्या नावाला त्यांच्या भाषेतले विभक्तीचे प्रत्यय लागले पाहिजेत. बरं तिथं बहुतेकांना आडनावच नसतं, बापाच्या नाहीतर आईच्या नावापुढं मुलाला सोन, मुलीला दोत्तिर. आपल्याकडं आईचं नाव कागदावर सक्तीनं यायला १ मे २०२४ उजाडला, तेही त्या दिवसापासून जन्मलेल्यांनाच.

मग गाडी आजोबांच्या नावावर आली. अमेरिकेत बाप जिवंत असताना पोराला तेच नाव देऊन ज्युनिअर म्हणतात. चीनमध्ये उलटं, घरातल्या मोठ्यांचं नाव पोराला द्यायचं नाही, तो त्यांचा अपमान. आमच्याकडं आजोबा गेल्यावर चुलतभावाला त्यांचं नाव ठेवलं, पण काकूनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं कसं, म्हणून तो आजही घरात बाळूच आहे, चाळीशी आली त्याची. मला हे फार आवडतं खरंतर, एका नावात केवढा मान जपलाय.

पण घरच्यांनी ठेवलेलं म्हणजे चांगलंच, हे अण्णांचं मला पटत नाही आणि मी तसं बोललोही. आपल्याच जिल्ह्यात मुलींना नकुशा नाव ठेवायचे, म्हणजे नकोशी, पुढची तरी मुलगी नको म्हणून. ऑक्टोबर २०११ मध्ये इथंच कार्यक्रम घेऊन अडीचशेच्या वर पोरींची नावं बदलली. त्यांची नावं पण घरच्यांनीच ठेवलेली ना? तेव्हा एखाद्या अधिकाऱ्यानं नोंदीच्या वेळीच हे नाव लिहिणार नाही म्हटलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

अण्णा बराच वेळ गप्प, मग म्हणाले, माझं नाव धोंडीराम का आहे माहितीये का, आधीची दोन गेली म्हणून. असलं नाव ठेवलं की काळाची नजर पडत नाही म्हणायचे, म्हणजे ओबडधोबड नाव पण मी जगावं म्हणून ठेवलेलं.

हेच तर सांगतोय अण्णा, तुम्ही हवे होता. ती नको होती.

मास्तरांच्या वर्गात होती अशी एक. नवं नाव तिनं स्वतः निवडलेलं. मास्तर म्हणाले, हजेरीत मी ते घ्यायला लागलो तर पहिले आठ दिवस ती हजर म्हणायचीच नाही, आपल्याला बोलावतायत हे तिला कळायचंच नाही, शेजारची कोपरानं ढोसायची तेव्हा उठून उभी राहायची.