18,000 रुपयांचं बिल बेल्टचं नाही, बेल्ट तुटल्यावर जे झालं त्याचं आहे

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की डिझेल इंडिकाचा 800 रुपयांचा टायमिंग बेल्ट तुटला होता, आम्ही न विचारता इंजिन खोललं, 18,000 चं बिल लावलं आणि पोळ्याआधी देतो म्हणालेली गाडी पोळा झाल्यावर दिली. आईला सावंगीच्या दवाखान्यात न्यायची तारीख होती, त्यासाठी तुम्हाला भाड्यानं गाडी करावी लागली. याचं मला खरंच वाईट वाटतं. घरात आजारी माणूस आणि दारातली गाडी बंद, हे दिवस किती कठीण जातात ते खेड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण इंजिनाबद्दल आणि बिलाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते तसं घडलेलं नाही. पांढरकवड्याच्या भागात अशा जुन्या डिझेल गाड्या अजून बऱ्याच चालतात, त्यांच्या मालकांच्याही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी टोचन करून आली तेव्हा तुमचे धाकटे भाऊ सोबत होते. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरत होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला हवेचा दाब, धरत नसलं की असाच आवाज येतो. वरचं कव्हर काढलं तर बेल्ट तुटून खाली पडलेला, दात सोललेले आणि रबर तेलानं ओलं. आम्ही लगेच हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं नाही. आधी खुणा जुळवून नवा बेल्ट चढवला, क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या) पुलीला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि मग कॉम्प्रेशन तपासलं. दोन सिलेंडरमध्ये मीटरचा काटा जागचा हललाच नाही. हे तुमच्या भावासमोर झालं, तिथूनच तुम्हाला फोन लावला, अंदाजे खर्च सांगितला आणि तुम्ही हो म्हटल्यावर हेड खोललं. जॉबकार्डवर भावाची सही आहे. न विचारता खोललं, ही गोष्ट मला मान्य नाही.

तुमचा मुख्य राग मला समजतो. तुमच्या आधीच्या पेट्रोल गाडीचा बेल्ट तुटला होता, तेव्हा वणीच्या मिस्त्रीनं दोन तासांत नवा टाकून गाडी चालू करून दिली. मग इथंच का एवढा खर्च? कारण इंजिनाची बनावट वेगळी आहे. काही पेट्रोल इंजिनांत पिस्टन वर आला आणि व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी, धूर सोडणारी झडप) उघडा राहिला तरी दोघांच्या मध्ये जागा उरते. बेल्ट तुटतो, इंजिन बंद पडतं, बाकी काही बिघडत नाही. तुमच्या इंडिकासारख्या जुन्या डिझेल इंजिनात हवा 20 पटींहून जास्त दाबली जाते, हवा अशी खूप दाबून तापल्याशिवाय डिझेल पेटतच नाही. त्यासाठी पिस्टन हेडला जवळजवळ टेकेपर्यंत वर येतो. व्हॉल्व्ह वेळेवर मिटला तरच तो वाचतो, आणि वेळेवर मिटवणारा तो बेल्टच. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक फेरा, हा हिशेब बेल्ट सांभाळतो. तो तुटला की कॅम थांबतो, जे व्हॉल्व्ह उघडे असतील ते उघडेच राहतात, आणि पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतात. 2,400 आरपीएमवर इंजिन सेकंदाला 40 फेरे घेतं. गाडी गिअरमध्ये असली तर चाकंही क्रँकला ढकलत राहतात. तुम्ही क्लच दाबून गाडी बाजूला घेईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणजे नुकसान हायवेवरच झालं, गॅरेजमध्ये नाही.

हेड उतरवल्यावर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा दिसल्या. तुमचे भाऊ पुन्हा आले तेव्हा एक-एक व्हॉल्व्ह काचेवर लोळवून दाखवला. सरळ व्हॉल्व्ह एका रेषेत फिरतो, वाकलेल्याचं डोकं डुलतं. आठपैकी जे डुलत होते तेच बदलले, बाकीचे लॅपिंग करून, म्हणजे बसायची कडा घासून, परत बसवले. सगळे आठ बदलले असते तर बिल आणखी वाढलं असतं.

आता 18,000 कुठं गेले ते सांगतो. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर नवा टाकला, कारण जुन्याचं बेअरिंग खरखरत होतं. ते जाम झालं तर नवा बेल्टही तुटतो. ज्या ऑइल सीलमधून तेल गळून बेल्ट भिजला होता ते सील बदललं. मूळ दोष तिथंच होता, रबराला तेल लागलं की ते फुगतं आणि दात सुटू लागतात. बाकी पैसे व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, नवं ऑइल, कूलंट, नागपूरला हेडचं फेसिंग (तळ मशीनवर सपाट करणं) आणि मजुरी यात गेले. प्रत्येक सुट्या भागाचं पक्कं बिल तुमच्या बिलाला जोडलेलं आहे.

उशीर पोळ्यामुळे झाला. हेड नागपूरला पाठवलं होतं आणि पोळा, तान्हा पोळा म्हणून तिथले कारागीर गावी गेले होते. हे तुम्हाला त्याच वेळी कळवलं होतं. पण घाईनं फेसिंग न करताच हेड बसवायला मी तयार नव्हतो. गॅस्केट पुन्हा उडालं असतं तर तुमचा तेवढाच खर्च परत झाला असता.

तुम्ही लिहिलंय की पुतण्याच्या स्विफ्ट डिझेलला कधीच बेल्ट बदलावा लागला नाही. बरोबर आहे, त्या 1.3 लिटरच्या इंजिनात बेल्ट नसून चेन आहे. आणि तुमची गाडी किलोमीटर कमी चालली हेही खरं, पण रबर वयानंही मरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. शिवाय खालचं कव्हर फुटलेलं होतं, वावराच्या वाटेची धूळ थेट बेल्टवर जात होती. गाडी तुम्ही सेकंडहँड घेतली आणि आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याची नोंद नव्हती. अशी गाडी हाती आली की बेल्ट कितीही चांगला दिसो, तो बदलूनच टाकायचा. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण वेळेवर बदलला तर खर्च या बिलाच्या पाव भागातही बसतो.

तुमचे जुने व्हॉल्व्ह, टेन्शनर आणि तुटलेला बेल्ट पिशवीत बांधून ठेवलाय. घेऊन जा, हव्या त्या मिस्त्रीला दाखवा. त्यानं हे काम गरजेचं नव्हतं असं सांगितलं तर त्यालाही सोबत आणा, समोरासमोर बोलू. नव्या बेल्टची तारीख आणि किलोमीटर कव्हरवर लिहिलेत. 1,000 किलोमीटर झाले की टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि सीलचं गळणं तपासायला गाडी आणा, त्या कामाचे पैसे याच बिलात धरलेले आहेत.