‘एकविसाव्या दिवशी घरची फ्रूट वाइन तयार’: त्या मेसेजमधलं काय चूक, काय अर्धवट

व्हॉट्सअ‍ॅपवर एक कृती सतत फिरत असते. कोणतंही फळ एक किलो, साखर एक किलो, पाणी दीड लिटर, ब्रेडचं यीस्ट दोन चमचे आणि मूठभर गहू बरणीत घाला, झाकण घट्ट लावा, रोज एकदा ढवळा, केमिकल काही घालू नका. वर येणाऱ्या फेसात मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल असतं, म्हणून तो फेकून द्या. एकविसाव्या दिवशी गाळून बाटल्या भरा, आंबट लागली तर मुरली समजा. ‘वसई-गोव्याची पारंपरिक पद्धत’ असा शिक्का असतो आणि शेवटी दिलासा: घरापुरती केली तर परवाना लागत नाही.

दिलाशापासूनच सुरुवात करू, कारण तो सरळ खोटा आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. विनापरवाना मद्यनिर्मिती हा त्याच्या कलम ६५खाली गुन्हा आहे आणि ‘घरापुरती’ ही पळवाट त्यात नाही. काहीजण जानेवारी २०२२मधल्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाचा दाखला देतात. तो सुपरमार्केटमधल्या विक्रीबद्दल होता, घरी वाइन करण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. अमेरिकेत मात्र केंद्रीय कायदा प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर वाइन स्वतःपुरती करू देतो. विकता येत नाही. ब्रिटनमध्येही स्वतःपुरती चालते. तेव्हा पुढची मापं जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या वाचकांसाठी.

‘जेवढं फळ तेवढी साखर.’ मेसेजमधली सगळ्यात महागडी चूक ही. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. एक किलो अननसात साधारण १२० ग्रॅम साखर स्वतःची असते. वर एक किलो घातली आणि दीड लिटर पाणी ओतलं की जेमतेम तीन लिटर मिश्रणात ११२० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ३७० ग्रॅमच्या आसपास साखर झाली. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता आणि त्यावरून साखर मोजायचं उपकरण (साध्या पाण्यात १.०००), १.१४०च्या पुढे जाईल. एवढ्या साखरेत यीस्ट सुरुवातीलाच गुदमरतं, आणि तरलंच तरी १२ ते १४ टक्क्यांवर थकून थांबतं. लिटरमागे दीडशे ग्रॅम साखर तशीच उरते. कोल्ड्रिंकपेक्षा गोड पेय होतं आणि लोक त्याला ‘स्ट्राँग’ म्हणतात.

पाच लिटर मिश्रणासाठी आमचं माप असं: साल, डोळे आणि मधला दांडा काढून अननसाचा गर तीन किलो, पाणी दोन लिटर, साखर ७५० ग्रॅम. तीन किलो फळाला तीन किलो नाही, पाऊण किलो! हायड्रोमीटर १.०८०च्या वर आणि १.०९०च्या आत दाखवेल, आणि वाइन ११ ते १२ टक्क्यांची होईल. मोजताना रस गाळून घ्या, गरामुळे आकडा फसवतो. हे उपकरण स्वस्त आहे. त्याच्याशिवाय बाकी सगळा अंदाजपंचे कारभार. साखर सगळी एकदम ओतू नका. सहाशे ग्रॅम विरघळवा, मोजा, मग उरलेली लागेल तशी.

‘कोणतंही फळ चालतं.’ चालतं, पण एकाच कृतीने नाही. अननसाला स्वतःचा आंबटपणा पुरेसा असतो. चिकू आणि पपईत तो जवळजवळ नसतोच. त्यांचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आंबट) पाचच्या आसपास असतो आणि त्या पातळीला नको ते जंतू मजेत वाढतात. त्यांना लिटरमागे चार-पाच ग्रॅम टार्टरिक किंवा सायट्रिक आम्ल घालून पीएच ३.६च्या खाली आणावा लागतो, पट्टीवर तपासा. जांभळाच्या बिया मिक्सरमध्ये फुटल्या तर वाइन तुरट-कडू होते आणि ती चव मग जात नाही. आंब्याची अडचण वेगळी. गरात पेक्टिन (जॅम घट्ट करणारा घटक) भरपूर, त्यामुळे वाइन गढूळ राहते. तो उकळला तर पेक्टिन आणखी सुटतं, म्हणून ‘निर्जंतुक’ करायला गर शिजवणं उलटं अंगाशी येतं. उपाय पेक्टिनेज, म्हणजे पेक्टिन तोडणारं एंझाइम: पाकिटावरच्या मापाने, यीस्टच्या १२ तास आधी.

शिवाय हापूस हातात येतो तो एप्रिल-मेमध्ये, खोली ३५ अंशांवर असताना. यीस्टला २० ते २५ अंश मानवतात. तिशीच्या पुढे ते घाईत आंबवतं आणि उग्र, जळजळीत वास सोडतं. गर फ्रीझरमध्ये ठेवा आणि वाइन डिसेंबरात करा. गोठवल्याने पेशी फुटून रसही जास्त सुटतो.

‘ब्रेडचं यीस्ट दोन चमचे, ताकदीला गहू.’ ब्रेडचं यीस्ट विष नाही. वाइनचं यीस्टही त्याच जातीचं. पण ते तळाशी घट्ट बसत नाही, पावाचा वास मागे ठेवतं आणि अल्कोहोल वाढलं की लवकर हार मानतं. वाइन यीस्टचं पाच ग्रॅमचं पाकीट साधारण २० लिटरला पुरतं; पाच लिटरला दीड-दोन ग्रॅम घ्या, ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. जास्त यीस्ट म्हणजे जास्त अल्कोहोल नव्हे, अल्कोहोल साखरेतून येतं. गव्हातला स्टार्च यीस्टला पचतच नाही. थोडं पोषण मिळतं, बाकी वाइन धुरकट होते. नायट्रोजन कमी पडला की सडक्या अंड्याचा वास येतो, त्यासाठी खाद्य दर्जाचं डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) लिटरमागे अर्धा ग्रॅम, दोन वेळा विभागून. खताच्या गोणीतलं डीएपी नाही, हे मुद्दाम सांगावं लागतं.

‘केमिकल नको.’ अननसाच्या सालीवरचे जंतू मग मोकाट. स्क्वॅशला घालतात तेच केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) लिटरमागे ०.१ ग्रॅम घालून मिश्रण १२ तास ठेवा, मग पेक्टिनेज, आणखी १२ तासांनी यीस्ट. दम्याच्या रुग्णांना सल्फाइट सोसत नाही, ते पाहुण्यांना आधी सांगा.

‘फेसात मिथेनॉल असतं.’ फेस म्हणजे गर, प्रथिनं, यीस्ट आणि वायू. पेक्टिनमधून फार थोडं मिथेनॉल बनतं खरं, पण ते सगळ्या द्रवात विरघळलेलं असतं. फेस काढून ते जात नाही आणि एवढ्याने आंधळेपण येत नाही. ‘पहिला भाग फेका’ हा नियम भट्टीवरच्या ऊर्ध्वपातनाचा, तो कुणीतरी इथे आणून चिकटवला आहे. २०१५मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक लोक गेले ते मिथेनॉल मिसळलेल्या दारूने, फळं आंबवून नाही. वाइन घरी भट्टीवर चढवून ‘कडक’ करण्याच्या फंदात मात्र कधीही पडू नका.

‘झाकण घट्ट, पण रोज ढवळा.’ बरणी वाचते ती या दुसऱ्या सूचनेमुळे, कारण उघडलं की वायू निघून जातो. एक किलो साखर पूर्ण आंबली तर अडीचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. चार दिवस गावाला गेलात तर काचा वेचाल. पहिले पाच-सहा दिवस स्वच्छ कापड बांधा आणि दिवसातून दोनदा गर खाली दाबा. मग मलमलीतून गाळून रस काचेच्या जारमध्ये गळ्यापर्यंत भरा आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप) लावा. इथून पुढे ढवळणं बंद, कारण आता हवा आत गेली की अ‍ॅसिटोबॅक्टर हा जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतो. चिलटं तो आणून सोडतात. मेसेजमधली ‘मुरलेली’ आंबट वाइन बहुधा हीच. ती परत वाइन होत नाही, कोशिंबिरीला वापरा.

तांब्या-पितळेचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको. जुन्या चिनीमातीच्या बरणीच्या चकचकीत लेपात शिसं असू शकतं, आणि आम्ल ते ओढून घेतं.

‘एकविसाव्या दिवशी तयार.’ दिवस मोजून आंबणं संपत नाही. हायड्रोमीटर तीन दिवस लागोपाठ ०.९९५च्या आसपास स्थिर दिसला की संपलं. मग नळीने वरचं नितळ दुसऱ्या जारमध्ये काढा, गाळ मागे राहू द्या. महिन्याने पुन्हा तेच. स्वच्छ व्हायला तीन-चार महिने जातात, पाच लिटरचे चार उरतात. साखर शिल्लक असताना बूच लावलं तर यीस्ट बाटलीत पुन्हा जागं होतं. शॅम्पेनच्या जाड बाटलीत लिटरमागे जेमतेम २४ ग्रॅम साखरेचा वायू कोंडलेला असतो. मेसेजच्या वाइनमध्ये दीडशे ग्रॅम साखर असते आणि बाटली साधी.

नाताळला गोडच हवी असते, तेही बरोबर. तर आधी वाइन कोरडी होऊ द्या, म्हणजे सगळी साखर आंबून संपू द्या, पूर्ण नितळ झाल्यावर लिटरमागे ०.२ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट आणि ०.१ ग्रॅम केएमएस एकत्र घाला, मग चवीप्रमाणे २० ते ४० ग्रॅम साखर. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. चालू असलेलं आंबणं त्याने थांबत नाही. म्हणून साखर घातल्यावर आठवडाभर एअरलॉकखाली ठेवा, बुडबुडे आले नाहीत तरच बाटल्या भरा.