तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट आणि सातव्या महिन्यातला बीपी

सहावा महिना चालू असलेल्या माझ्या भाचीने परवा फोनवर विचारले, "मावशी, माझी ती रक्ततपासणी नॉर्मल आली आहे, मग दर वेळी बीपी मोजायला कशाला जायचे?" या प्रश्नाचे मूळ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या एका संदेशात निघाले. त्या संदेशानुसार तिसऱ्या महिन्यातल्या एकाच रक्ततपासणीत गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, होणार की नाही हे शंभर टक्के कळते. अहवाल चांगला आला तर पुढे बीपी मोजण्याची गरज नाही. वाईट आला तर आजार अटळ, म्हणून मीठ सोडावे. आणि ॲस्पिरिन बाळाला घातक असते, असे त्यात ठणकावून सांगितले आहे.

तपासणी खोटी नाही, एवढे मान्य करावे लागते. वार गर्भाशयात नीट रुजली नाही तर पीएलजीएफ नावाचे प्रथिन आईच्या रक्तात बहुधा कमी आढळते आणि ते ११ ते १३ आठवड्यांतही मोजता येते. मात्र केवळ त्या आकड्यावर अंदाज बांधत नाहीत. आईचे वय, वजन, पूर्वीची बाळंतपणे, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी आणि त्या दिवशीचा रक्तदाब हे सारे हिशेबात धरावे लागते. म्हणजे ज्या चाचणीच्या भरवशावर बीपी मोजू नका असे सांगितले जाते, ती चाचणीच बीपी मोजल्याशिवाय पुरी होत नाही!

आता 'शंभर टक्के' कुठून आले ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक किप्रोस निकोलाइडिस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ॲस्प्रे' अभ्यासात हीच एकत्रित पद्धत पंचवीस हजारांहून अधिक गर्भवतींवर वापरली गेली. सदतीस आठवड्यांआधी बाळंतपण करावे लागलेल्या प्रीएक्लॅम्प्सियाच्या रुग्णांपैकी सुमारे ७७ टक्के तिने आधी हेरल्या, तर पूर्ण दिवस भरल्यावर आजार झालेल्यांपैकी जेमतेम ४३ टक्के. उरलेल्या निम्म्याहून अधिक बायकांचा अहवाल 'चांगला'च होता. हा आजार साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतर उद्भवतो आणि रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगडीखाली दुखणे ही लक्षणे दिसेपर्यंत थांबले तर गाठ थेट आकडीशी पडू शकते. भाचीला मी एवढेच सांगितले की, दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटे लागतात आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ही तपासणी फुकट होते.

वाईट अहवाल म्हणजे आजार अटळ, हेही खरे नाही. त्याच अभ्यासात जोखीम अधिक ठरलेल्या, पण औषधाविना नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या ८२२ जणींपैकी ३५ जणींना सदतीस आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया झाला.

मीठ सोडल्याने हा आजार टळत नाही. त्यासाठी मीठ कमी करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही.

राहता राहिली ॲस्पिरिन. त्याच अभ्यासात जोखीम अधिक असलेल्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर मुदतीआधीच्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. ती कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतात आणि सोळाव्या आठवड्याआधी सुरू झाली तरच तिचा खरा उपयोग होतो. त्यामुळे या संदेशाला घाबरून गोळी फेकून देणारी गर्भवती नेमके तेच आठवडे गमावते.