कसूती फ्रेमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

कसूतीची, म्हणजे धारवाडकडच्या धागे मोजून करायच्या हातभरतकामाची, तुमची फ्रेम तीन आठवडे उशिरा मिळाली, त्याबद्दल मनापासून माफी मागते. मुलीच्या वास्तुशांतीला ती द्यायची होती आणि तुम्हाला ऐनवेळी दुसरं काहीतरी घेऊन जावं लागलं, हे वाचून वाईट वाटलं. १४,००० रुपये ही लहान रक्कम नाही, तेही कळतं.

पण "मागून-पुढून सारखंच दिसतंय, म्हणजे मशीनचं काम हातचं म्हणून खपवलंय" हे वाचून गप्प बसवत नाही. सर, आहे ते नेमकं उलटं आहे. मशीनला वरचा धागा वेगळा, खालच्या बॉबिनचा वेगळा. मशीनचं भरतकाम पालथं केलं की लगेच कळतं. कसूतीतले गवंती आणि मुरगी हे टाके दोन्हीकडून सारखेच दिसावे लागतात, आणि तुमच्या फ्रेममध्ये हे दोनच आहेत. सुई जाताना एक घर भरते, एक सोडते. त्याच वाटेने परत येताना सोडलेली घरं भरते. गाठ कुठेही मारायची नाही. कापडावर छापा नाही, पेन्सिलची रेघ नाही, नुसते कापडाचे धागे मोजत जायचं. आमच्या धारवाडच्या ताई मोजायला बसल्या की फोनसुद्धा उचलत नाहीत.

उशीर झाला तोही या मोजण्यापायीच. तुमच्या फ्रेममध्ये कसूतीत नेहमी भरतात त्या गोपुरांच्या जागी अपार्टमेंट आहेत ना, त्यातल्या डावीकडून चौथ्या इमारतीत पायाशीच एक धागा चुकला होता. गच्चीपर्यंत पोचल्यावर तो लक्षात आला. नऊ दिवसांचं काम उसवलं. तसंच दिलं असतं तर वेळेत मिळालं असतं आणि खरं सांगायचं तर तुम्हाला कळलंही नसतं. शिवाय मरून धागा ठरला असताना मध्येच "गेरू रंगाचा करा" असा तुमचा मेसेज आला होता. ते रिव्ह्यूमध्ये कुठे दिसलं नाही.

"रुमालावरचं भरतकाम काचेत घातलं की आर्ट होत नाही" असंही लिहिलंय. जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसच्या रोदँ म्युझियममध्ये दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या शोला भिंतभर जे काम लावलं होतं, ते माधवी आणि मनू पारेख यांच्या चित्रांवरून मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेच्या कारागिरांनी हातानेच भरलेलं होतं. माझं काम त्या तोडीचं आहे असा दावा नाही, चार बायका आणि मी, एवढाच आमचा व्याप. पण माझ्या आजीच्या इरकलीच्या पदरावर हेच टाके होते आणि ती लुगडं दाखवताना पदराची उलटी बाजू आधी दाखवायची.

यापुढे तारीख देताना काळजी घेऊ. मागूनही काच लावता येईल का, ते फ्रेमवाल्याला विचारते. फोटोत मागची पट्टी कटरने कापलेली दिसतेय, त्यातून धूळ आणि कसर आत जाईल. या बाजूला आलात तर फ्रेम घेऊन या, नवी पट्टी लावून देते. त्याचे पैसे नकोत.