बुजवून ठेवलेली फरशी

गडाची डागडुजी निघाली की आपल्याकडे दोन तट पडतात. एकाला ढासळलेला बुरूज पूर्ववत उभा हवा, दुसऱ्याला एक दगडही हलवलेला चालत नाही. इंग्लंडात राहून हा वाद ऐकताना ग्लॉस्टरशरमधल्या वुडचेस्टरची तिसरीच तऱ्हा आठवते. तिथल्या रोमन वाड्याची थोरली फरशी चक्क बुजवून ठेवलीय.

चौथ्या शतकातली ही मोझॅक फरशी सुमारे १५ मीटर लांब-रुंद, मूळ खडे १५ लाखांच्या आसपास. (आपल्या चाळीतली ठिपक्यांची फरशी नव्हे, एकेक खडा तोडून चुन्यात बसवलेला.) त्यात ग्रीक पुराणातला गायक ऑर्फियस आणि त्याच्याभोवती प्राण्यांचं रिंगण. १९७३ साली शेवटची उघडली तेव्हा लाखाहून जास्त माणसं लोटली, गावाचे रस्ते तुंबले. नंतर ती जुन्या दफनभूमीत पुन्हा मातीआड गेली, ती आजतागायत.

बुजवणं म्हणजे ढिगारा लोटणं नव्हे. आधी फोटो, मोजमाप. कडेचे सुटे खडे चुन्याने धरून घ्यायचे. मग पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर चाळलेली, क्षार नसलेली वाळू, वर माती आणि उथळ मुळांचं गवत. कापडाऐवजी प्लॅस्टिक अंथरलं की ओल खाली कोंडते. वाळू खारी असली तर क्षार खड्यांत शिरतात आणि सुकताना वरचा थर उडवतात. जवळ झाड वाढू दिलं, तर मुळं उरलेलं काम करतात.

त्याच परगण्यात चेडवर्थचा वाडा आहे. १८६४ मध्ये सापडला, १९२४ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. व्हिक्टोरियन मंडळींनी तिथल्या भिंतींवर दगडी कौलांची बुटकी छपरं घातली. दिसायला गमतीची, पण पाणी भिंतीत मुरत नाही. त्यांनीच काही भिंती रचून वाढवल्याही, आणि आता रोमन काम कुठे संपतं ते शोधत बसावं लागतं. बुरूज ‘पूर्ववत’ करणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

सिमेंटचंही तसंच. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या की पाणी सांध्यांतून बाहेर पडत नाही. इथल्या मऊ चुनखडीत ते हिवाळ्यात गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आपला काळा पाषाण तसा सुटत नाही, पण आतला भराव ओला राहतो आणि पावसाळ्यात भिंतीला पोट येतं. चुन्याच्या घाण्या गडांवर आजही दिसतात, त्या शोभेसाठी नव्हत्या.

अर्थात, रोमन वाडा हे कुणा धनिक जमीनदाराचं घर. त्यावर कुणाची अस्मिता टांगलेली नाही, म्हणून तो बुजवणं इथे सोपं जातं. महाराजांचा गड मातीखाली घाला, असं कोण म्हणेल? मात्र उत्खननात उघडी पडलेली वाड्यांची जोती नोंद करून पुन्हा झाकायला, आणि वर नुसत्या दगडांच्या ओळीने त्यांचा आराखडा दाखवायला काय हरकत आहे? मे अखेर खड्डे उघडेच राहिले आणि पाण्याला वाट काढून दिली नसली, तर जोत्याचा चुना पहिल्या दोन पावसांतच धुऊन जातो.