म्हणे, हा कसला ट्रेक!

सकाळी आमच्या सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याचे फोटो टाकले आणि तासाभरात एका ग्रुपवर शेरा आला, "हा कसला ट्रेक? म्हाताऱ्यांची बाग आहे ती." खाली खो खो हसणारे पिवळे चेहरे. त्यावर अंगठे दाखवणारेही लगेच हजर. दिवसभर दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून गप्प बसलो. आता जेवण झालंय, पोरं झोपलीत, तेव्हा लिहितो. लांब होणार आहे. कंटाळा आला तर पुढं सरका.

त्या फोटोत नऊवारीतली जी बाई दिसते ती माझी आत्या. सत्तरी ओलांडलीय. गुडघ्याची वाटी झिजलीय, डॉक्टर म्हणतात चाला, गुडघा म्हणतो बसा. तिला घेऊन मी कुठला सुळका चढायचा होता? सागरेश्वरचा रस्ता रुंद आहे, चढ बेताचा आहे, दम लागला की थांबायला सावली आहे. रबरी चप्पल घालून ती चालली, दर थोड्या वेळानं दगडावर टेकली आणि वरपर्यंत आली. कुणाच्या हाताला धरलं नाही.

आणि बाग म्हणालात ना? तर ऐका. आमचं गाव ह्याच डोंगराच्या पायथ्याला. आत्या लग्नाआधी ह्याच डोंगरावर गवताला यायची. अर्ध्या वाटेत ती थांबली, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "आरं, हितं काय हुतं? कुसळं आन् दगडं. उनात सावलीला हुबं ऱ्हायाला एक झाड न्हवतं." आज त्याच जागी डोक्यावर कडुनिंब, खैर, बाभळी. हे आपोआप उगवलेलं नाही. पाऊस आमच्याकडं मुळातच हात आखडून पडतो, त्यात हा डोंगर उघडाबोडका. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसं जोडली, झाडं लावून घेतली, हरणं आणून सोडायला लावली. 1985 साली अभयारण्य जाहीर झालं. 10.87 चौरस किलोमीटर, भोवतीनं कुंपण. माणसांनी उभं केलेलं अभयारण्य म्हणून ह्याचं नाव घेतलं जातं आणि नाव दिलंय यशवंतराव चव्हाणांचं, कारण त्यांचा जन्म इथनं हाकेच्या अंतरावरच्या देवराष्ट्र्यातला, 12 मार्च 1913 चा. तर होय, बागच आहे. लावलेली आहे. तुमच्या सोसायटीत लावलेली चार अशोकाची झाडं पाण्यावाचून वाळली, ते मला माहीत आहे.

जरा जास्त बोललो. असू दे.

मला अवघड ट्रेक करणाऱ्यांबद्दल काही नाही. तरुणपणी मीही वासोटा किल्ल्यावर जाऊन आलोय, बोटीतनं उतरून त्या जंगलातनं चढताना छाती फुटायची पाळी आली होती. त्याची मजा वेगळी, कबूल. चांदोली, कोयना ही खरी घनदाट जंगलं, तिथं 2010 पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि सागरेश्वरची त्यांच्याशी तुलना कुणी करत नाही, हेही कबूल. पण अवघड तेवढंच खरं, सोपं म्हणजे लहान पोरांचं आणि म्हाताऱ्यांचं, हे कुणी ठरवलं? घामाच्या हिशेबावर जंगल मोजायचं? मोबाइलवर किती किलोमीटर झाले, किती चढ झाला, ते बघत बघत माणूस खाली येतो आणि वाटेत काय होतं विचारलं तर म्हणतो, "भारी होतं."

आत्याला विचारा वाटेत काय होतं.

वाटेच्या कडेला काळ्या लेंड्या पडल्या होत्या. मी म्हणालो शेळ्या आल्या असतील आत. तिनं काटकीनं एक उलटी केली, म्हणाली, "शेळीची न्हाई ही. हरणाची हाय, कालची." जरा पुढं एका झाडाची साल माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर सोलून निघाली होती, आतलं लाकूड गुळगुळीत. सांबर शिंगं घासतो तिथं. तेही तिनंच दाखवलं. ती वाकून बघत होती तेवढ्यात आमच्या बाजूनं एकसारखे टीशर्ट घातलेला एक घोळका झपाझप गेला. त्यांचं काय चाललं होतं तर वेळ लावली होती. वेळ! अभयारण्यात!

त्यातल्या एकाच्या पाठीवरच्या सॅकला स्पीकर लटकवलेला. गाणं कुठलं ते विचारू नका, हळदीत वाजतं ते. तेवढ्यात उताराच्या खालच्या अंगानं चितळ ओरडलं. ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल, आखूड, टोकदार आवाज, एकदम कान टवकारतात. आत्यानं हात वर केला आणि त्या पोराला सरळ म्हणाली, "बंद कर ते. जंगलात आलाईस का वरातीत?" पोरगं ओशाळलं, बंद केलं बिचाऱ्यानं. वाईट नव्हतं पोरगं. त्याला कुणी सांगितलंच नसेल. मग तोही उभा राहिला आमच्याबरोबर आणि झुडपांच्या मागनं चार-पाच चितळं ओळीनं गेली. शेवटचं पिल्लू क्षणभर थांबून आमच्याकडं बघून गेलं. त्या पोराचे डोळे असे झाले होते की काय सांगू. त्याच्या मित्रांना मात्र काही दिसलं नाही, ते तोवर वर पोचले होते.

आता कुणीतरी म्हणेल, शेतकऱ्याला विचारा हरणांचं कौतुक. बरोबर आहे. माझ्या चुलत्याचं शेत कुंपणापासून लांब नाही. ताकारी योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या भागात जिथं कुसळं होती तिथं ऊस आणि मका उभा राहिला. हरणाला काय कळतंय आतलं वाळकं गवत आणि बाहेरचा कोवळा मका ह्यातला फरक? कळतोय, चांगलाच कळतोय, म्हणून तर कुंपण तुटलेलं सापडलं की ती बाहेर. रात्रीत वाफेच्या वाफे खाऊन जातात. चुलता हरणाचं नाव काढलं की शिव्या घालतो आणि त्याला मी काही बोलत नाही. त्याचं नुकसान त्याला वेळेवर भरून मिळालं पाहिजे, कुंपण धड पाहिजे, आत पाणवठ्यांना उन्हाळाभर पाणी पाहिजे. ह्यावर वेगळी पोस्ट होईल.

उन्हाळ्याचं निघालं म्हणून सांगतो, मार्च-एप्रिलात दुपारी तिथं जाऊ नका. पानगळीचं रान आहे, सावली निम्मी होते, दगड तापतो. तेव्हा गेलात आणि मला येऊन म्हणालात की काही नाही तिथं, तर माझा इलाज नाही. पाऊस उघडल्यावर जा, थंडीत जा, सकाळी लवकर जा. खाली सागरेश्वराची जुनी देवळं आहेत, तिथं हात जोडा, श्रावणी सोमवारी मात्र गर्दी असते. वर टोकावर पोचलात की खाली कृष्णाकाठ पसरलेला दिसतो, नदीचं वळण आणि दोन्ही बाजूंनी ऊस. आत्या तिथं बराच वेळ बसली. कुणाचं शेत कुठलं ते शोधत होती. सापडलं की बोट करून दाखवायची, ते कुणी विकलं, कुणाच्या पोरानं दारूत घालवलं, सगळं. कुठल्याही गाइडला तेवढं येणार नाही.

आणि हात जोडून सांगतो, ह्या सोप्या वाटा आहेत तशाच मातीच्या राहू द्या. परवा एक पुढारी टाइप मित्र म्हणत होता, दंडोबाच्या डोंगरावर, सागरेश्वरला सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकले पाहिजेत, दिवे लावले पाहिजेत, सेल्फी पॉइंट केला पाहिजे. अरे, मातीवर गुडघा दुखत नाही, फरशीवर दुखतो! आत्याला विचार. बसायला जागोजाग दगडी कट्टे करा, बायकांसाठी स्वच्छ संडास करा, प्यायच्या पाण्याची सोय करा. एवढं झालं तर अजून कितीतरी आत्या येतील. सेल्फी त्या कुठंही काढतात.

असो. राग निम्मा उतरला लिहून.

पुढच्या रविवारी आम्ही परत जाणार आहोत, आत्याच्या दोन मैत्रिणी येतो म्हणाल्यात. ज्यांना यायचंय त्यांनी सहाला ताकारी स्टेशनसमोर या. पाणी स्वतःचं आणा, टोपी आणा, प्लास्टिक आणलंत तर परत घेऊन जा. स्पीकर आणणाऱ्याची गाठ आत्याशी आहे. चालायचा वेग तिचा असेल, पुढं पळायचं नाही. उतरल्यावर नाष्टा ताकारीतच, भजी आणि चहा, पैसे ज्याचे त्यानं. आत्याची एक मैत्रीण भजी खात नाही, तिच्यासाठी कुणीतरी केळी घेऊन या.